कुंडीतील वड : माती आणि पाणी यांची निगा

प्रवराकाठच्या बेलापूर परिसरात जुन्या भिंतींच्या भेगांत आणि विहिरींच्या दगडी सांध्यांत उगवलेली वडा-पिंपळाची रोपे सर्वांच्या परिचयाची आहेत. मूठभर मातीवर ती वर्षानुवर्षे तग धरतात आणि हातभर उंचीची असूनही वयोवृद्ध दिसतात. हा निसर्गानेच घडविलेला वामनवृक्ष होय. तोच प्रकार कुंडीत साधण्याच्या कलेस जपानी भाषेत बोन्साय म्हणतात. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र व ‘साय’ म्हणजे लागवड. ही कला मूळची चीनमधील असून जपानात ती विशेष बहरली.

असे झाड उपाशी ठेवून खुजे केले जाते, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः त्याची उंची आटोक्यात राहते ती शेंड्यांच्या व मुळांच्या नियमित छाटणीमुळे. उपाशी झाड वामन होत नाही, ते मरते. तथापि या भागात कुंडीतील झाडे दगावतात ती बहुधा उपासमारीने नव्हे, तर चुकीच्या मातीने व साचलेल्या क्षारांमुळे.

याचे कारण येथील शेतकऱ्यास निराळे समजावून सांगावयास नको. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले व प्रवरा कालव्यांखाली ऊस पिकू लागला. परंतु जेथे पाणी अतोनात दिले गेले आणि निचरा झाला नाही, तेथे काळ्या जमिनी खारवट व चोपण झाल्या. उथळ कुंडी हे तसेच एक इवलेसे शेत आहे. शेतातील काळी माती उत्तम म्हणून कुंडीत भरली, की ती ओली असता फुगून हवा कोंडते आणि वाळली असता आक्रसून कुंडीच्या कडेने फट पडते. मग वरून दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते व मुळे कोरडीच राहतात. विहिरीच्या जड पाण्यातील क्षार मागे उरून कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरतात. पानांच्या कडा करपू लागतात. अशा वेळी खत वाढविणे म्हणजे क्षारांत भर घालणे होय. उसाला युरिया देण्याची सवय असलेल्या हातांनी येथे विशेष जपावे.

यासाठी जाड वाळू दोन भाग, विटांचे बारीक तुकडे दोन भाग व पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करावे. वाळू व विटांचे कण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे असावेत. त्याहून बारीक भुकटी चाळून टाकून द्यावी. वाळूत चुनखडीचे खडे नसावेत, कारण त्यांमुळे झाडास लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने पिवळी पडतात. संशयित खड्यावर लिंबाचा रस टाकताच फेस आला, तर तो चुनखडीचा समजावा. माती-पाण्याचे हे महत्त्व जपानी माळ्यांनीही जाणले होते. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्यो सोडलेल्या वामनवृक्ष-माळ्यांनी चांगली माती व स्वच्छ पाणी पाहूनच ओमिया येथे १९२५ पासून वसाहत केली.

पाणी कुंडीच्या तळातून वाहू लागेपर्यंत द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात. रोज शिंपडल्यासारखे थोडे थोडे पाणी देणे घातक आहे. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवाव्यात. त्याहून स्वस्त औषध नाही.

वड, पिंपळ, उंबर यांची कुंडी साधारण दोन वर्षांनी, पाऊस स्थिरावल्यावर बदलावी. मुळांचा सुमारे एक तृतीयांश भाग छाटून नवे मिश्रण भरावे व झाड दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे. डाळिंबाची कुंडी मात्र हिवाळा सरताना, नवी पालवी फुटण्यापूर्वी बदलणे इष्ट. फांदीस सहा-सात पाने आली, की दोन-तीन राखून शेंडा खुडावा. वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्याआधी काढावी; पावसाळ्यात फांदी लवकर जाड होते, हे ध्यानात असावे.

दिवाणखान्यात झाड एक-दोन दिवस पाहुण्यासारखे ठेवावे. त्याची जागा अंगणात वा गच्चीवर आहे. मार्च ते मे या काळात तापलेल्या फरशीवर कुंडी न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी, दुपारी सावली धरावी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. ऐन एप्रिलात झाड कोमेजले, तरी घाईने मुळे उकरू नयेत. कुंडी सावलीत हलवून साठविलेल्या पावसाच्या किंवा अन्य गोड्या पाण्याने दोन-तीनदा चांगली धुवावी, खत बंद ठेवावे आणि मिश्रण बदलण्याचे काम मृगाच्या पावसावर सोपवावे.