घोडा, हंटर आणि बोलपट

बोलपटांच्या सुरुवातीच्या काळाचा विषय निघाला की आपण ‘आलम आरा’चं नाव घेतो, ‘अयोध्येचा राजा’चं घेतो. पण त्याच काळात पडद्यावर घोडे दौडत होते, मारामाऱ्या होत होत्या. त्यांच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आज तेच बोलू.

आधी अमेरिकेत डोकावू. बोलपट आला तेव्हा कॅमेऱ्याचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा बंद पेटीत ठेवावा लागे. मग घोड्यामागे धावणार कोण? त्यात मंदी आली. १९३० चा भव्य ‘द बिग ट्रेल’ पडला आणि त्याचा नायक जॉन वेन छोट्या कंपन्यांकडे गेला. तिथे तासाभराचे वेस्टर्न झटपट, कमी पैशात निघत. एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची पद्धत होती, त्यामुळे असा स्वस्त माल खपायचा. काटकसर तरी किती? वेनच्या काही सिनेमांत केन मेनार्डच्या जुन्या मूकपटांतली घोडदौड जशीच्या तशी जोडलेली आहे. जोड कळू नये म्हणून वेनला कपडेही मेनार्डसारखेच घालायचे!

आपल्याकडे काय झालं? मास्टर विठ्ठल हे मूकपटातले स्टंटचे मोठे नट. १९३१ च्या ‘आलम आरा’चे नायकही तेच. पण त्यांची उर्दू कच्ची, म्हणून भूमिकेत बोलणं कमी ठेवलं, असं सांगतात. म्हणजे बघा, ज्याचं शरीर बोलत होतं, त्याला आता जिभेची परीक्षा द्यावी लागली.

यातून वाट काढली जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी. १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोन सुरू झाली. डग्लस फेअरबँक्सचे सिनेमे त्यांचे आवडते. १९३५ मध्ये त्यांनी ‘हंटरवाली’ काढला. नायिका नादिया, म्हणजे पर्थमध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स. सर्कशीत काम केलेली, गोरी, हिंदी बेताचीच. वितरक पुढे येईनात. पण मुखवटा घालून, हातात हंटर घेऊन गरिबांच्या बाजूने लढणारी राजकन्या लोकांनी डोक्यावर घेतली. पुढच्या सिनेमांत तिचा घोडा ‘पंजाब का बेटा’ही लाडका झाला. १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तर ती धावत्या आगगाडीच्या टपावर लढते.

आता मुद्दा. ही वेस्टर्नची नुसती नक्कल होती का? आम्हाला तसं वाटत नाही. तिकडे बंदूक आणि एकटा पुरुष. इकडे हंटर आणि एक बाई. तिकडे ओसाड माळ; इकडे राजवाडा, दुष्ट प्रधान, गांजलेली रयत. राज्य इंग्रजांचं होतं, सेन्सॉरही त्यांचाच. अशा वेळी जुलमी प्रधानाला चाबकाचे फटके बसताना पाहून प्रेक्षक कुणाला आठवत असतील, हे सांगायला नको.

नादिया आपले स्टंट स्वतः करायची. तिचं नाव तरी उरलं. पण तिच्याबरोबर घोड्यावरून पडणारे, मार खाणारे शेकडो लोक श्रेयनामावलीतही नाहीत. १९४२ मध्ये वाडियांचा परळचा स्टुडिओ शांतारामबापूंकडे गेला आणि तिथे ‘राजकमल’ उभं राहिलं. ‘राजकमल’ आपल्याला पाठ आहे. त्याच जागेवर आधी घोडे दौडत होते, हेही इतिहासात लिहायला हवं. कारण पिटातल्या प्रेक्षकाच्या चार आण्यांवरही हा धंदा उभा राहिला आहे.