बेस वाजला की हेडलाइट का मिचकावतात?

विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर स्पीकरची भिंत असते आणि तिच्याच मागे कुठेतरी एक जनरेटर धडधडत असतो. तो का असतो, हे कुणी विचारत नाही. एवढा आवाज काढायचा तर वीज कुठून तरी आणावीच लागणार, हे आपल्याला न सांगता कळतं. पण स्वतःच्या गाडीत हजार वॅटचा वूफर बसवताना हीच गोष्ट डोक्यातून निघून जाते. डिकीत खोका ठेवला, अँप्लिफायर जोडला, झालं!

आजचा विषय निघाला तो कोल्हापूरच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमुळे. त्याची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, डिकीत १२ इंची सबवूफर आणि त्याला हजार वॅटचा मोनोब्लॉक अँप्लिफायर. रात्री सिग्नलला गाडी उभी असली की बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात, डॅशबोर्डचे दिवेसुद्धा लुकलुकतात. दुकानदार म्हणतोय, "कपॅसिटर टाका, प्रश्न मिटला." त्याचा प्रश्न साधा होता: टाकू का?

माझं उत्तर: आत्ता नको. आधी वायर बघ, मग फ्यूज बघ, आणि पाकीट शेवटी उघड. का, ते सांगतो.

गाडीतली वीज घरच्या पैशांसारखी समजा. अल्टरनेटर म्हणजे महिन्याचा पगार. (काही गॅरेजवाले त्याला अजून डायनॅमो म्हणतात, तोच तो.) इंजिन फिरतंय तोवर गाडीचा सगळा खर्च तो भागवतो. बॅटरी म्हणजे बँकेतली शिल्लक: गाडी स्टार्ट करायला आणि पगार कमी पडला तर आधाराला. आणि कपॅसिटर म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशातली चिल्लर. चहा प्यायला उपयोगी, घराचा हप्ता तिच्यातून जात नाही.

आता खर्च मोजू. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, एवढं शाळेतलं सूत्र पुरे. हजार वॅट आरएमएसचा क्लास डी अँप्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर हजार वॅट बाहेर द्यायला तो आत साडेबाराशे वॅट घेतो. १३.८ व्होल्टला हे झाले सुमारे ९० अँपिअर. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर तोच आकडा १३० च्या आसपास जातो. गाणं म्हणजे सतत एकच ठोका नाही, त्यामुळे सरासरी खर्च याच्या बराच खाली राहतो. पण ज्या क्षणी ठोका पडतो, त्या क्षणी मागणी खरोखर एवढी असते.

आणि पगार किती? छोट्या हॅचबॅकचे अल्टरनेटर साधारण ५० ते ९० अँपिअरचे असतात. तुमच्या गाडीचा आकडा अल्टरनेटरच्या लेबलवर बघा. तोही पूर्ण वेगात फिरतानाचा. सिग्नलला इंजिन आयडलवर असताना त्याच्या साधारण निम्मंच हातात येतं. त्यात रात्रीची वेळ, एसी चालू, रेडिएटरचा पंखा फिरतोय, हॅलोजन हेडलाइटची जोडी एकटीच आठ-दहा अँपिअर खातेय. आता वूफरने ९० मागितले की उरलेले बॅटरीतून येतात, व्होल्टेज खाली येतं आणि दिवे मिचकावतात. म्हणजे तुमचे हेडलाइट हा फुकटचा मीटर आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासा: तुमचा अँप्लिफायर खरोखर हजार वॅटचा आहे का? खोक्यावर छापलेल्या "५००० वॅट" या आकड्यावर मी एक पैशाचा विश्वास ठेवत नाही. अँप्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज बघा. दोन फ्यूज ३०-३० चे असतील तर तो ६० अँपिअरच्या फार वर जाणार नाही. ६० गुणिले १३.८, त्याचे ८० टक्के, म्हणजे साधारण ६६० वॅट. त्याहून मोठा दावा असेल तर तो छापखान्यातला समजा.

आता मोजमाप. साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, शक्यतो किमान आकडा धरून ठेवणारा. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्या जवळ असेल तर बॅटरी बरीच रिकामी आहे, बाकी सगळं नंतर. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. मग फोनवरून ५० हर्ट्झचा सलग टोन काही सेकंदच लावा, फार मोठ्याने नको, नाहीतर वूफरची कॉइल तापेल. त्या वेळी दोन ठिकाणी मोजा: एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा अँप्लिफायरच्या पॉवर आणि ग्राउंड टर्मिनलवर.

सगळी गोम या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. बॅटरीवरच व्होल्टेज पडत असेल तर कमाई कमी पडतेय. बॅटरीवर ठीक आणि अँप्लिफायरवर पडलेलं असेल तर कमाई आहे, पण वाटेत गळतेय. कोल्हापूरच्या दोस्ताला हे करायला सांगितलं. त्याचे आकडे आले: बॅटरीवर १३.४, अँप्लिफायरवर ११.६. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गायब! दिव्यांचं मिचकावणं बॅटरीवरच्या किंचित घसरणीमुळे होतं, पण त्याच्या बेसचं खरं नुकसान वायरमध्ये होत होतं. बरेचसे अँप्लिफायर व्होल्टेज कमी झालं की त्या वर्गाच्या प्रमाणात कमी ताकद देतात. १४.४ वरून १२ वर आलात की जवळपास ३० टक्के वॅट गेले. या वाटेतल्या गळतीवर कपॅसिटर हे औषधच नाही.

त्याला म्हटलं, वायरचं टोक ब्लेडने खरवडून बघ. वरून तांबूस, आतून पांढरट चंदेरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारातल्या स्वस्त वायरिंग किटमध्ये बहुतेक हीच वायर असते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. त्यात आणखी गंमत म्हणजे काही वायरींवर रबर एवढं जाड असतं की हातात घेतली तर अजगर वाटते, आतला धातू मात्र बोटभर सुतळीएवढा.

गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे लक्षात ठेवा. शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर साधारण साडेआठ चौरस मिलिमीटरची, ४ गेजची २१ ची. पाच मीटर लांबीवर ९० अँपिअर सोडले तर ८ गेजमध्ये जवळपास ०.९ व्होल्ट जातात, ४ गेजमध्ये ०.४ च्या आत. तीच ८ गेजची मुलाम्याची वायर घेतली की दीड व्होल्टच्या आसपास गेले. इलेक्ट्रिकलच्या दुकानात जाऊन "चौरस मिलिमीटर" या भाषेत तांब्याची वायर मागितली तर फसायची शक्यता कमी, असा माझा अनुभव. फक्त बारीक तारांची, लवचीक वायर घ्या.

ग्राउंड ही वायरिंगची सावत्र बाजू. पॉवरची वायर सगळे जाड घालतात आणि ग्राउंडला उरलेला तुकडा. जितका करंट जातो तितकाच परत येतो, तेव्हा दोन्ही सारख्याच जाडीच्या हव्यात. ग्राउंडची वायर छोटी ठेवा, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, लग नीट दाबून बोल्टने घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. कोकणात राहणाऱ्यांनी तर नक्कीच, तिकडची हवा उघडा पत्रा वर्षभरही ठेवत नाही. आणि कृपा करून सीट बेल्टचा बोल्ट ग्राउंडसाठी वापरू नका. तो तयार भोकात सापडतो म्हणून अनेक जण वापरतात, पण अपघातात माणूस धरून ठेवायचं काम त्याचं आहे.

आता फ्यूज. इथे जरा थांबतो, कारण वायर बारीक असेल तर बेस कमी होईल, पण फ्यूज नसेल तर गाडी जळेल. फ्यूज अँप्लिफायरला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. बॅटरीजवळचा फ्यूज असतो तो वायरसाठी. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर इंजिनाजवळून, फायरवॉलच्या पत्र्यातल्या भोकातून, कार्पेटखालून जाते. हादऱ्यांनी पत्र्याच्या धारेने रबर कापलं आणि तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते आणि वर कार्पेट, फोम, तुम्ही. डिकीत अँप्लिफायरजवळ लावलेला फ्यूज अशा वेळी काहीच करू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधी झालेला असतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. आणि त्याचा आकडा वायर किती सोसेल यावर ठरतो: ४ गेज शुद्ध तांब्याला १०० अँपिअर ठीक. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं, किंवा त्या जागी तारेचा तुकडा गुंडाळणं, हे कुणी सुचवलं तर त्या दुकानातून गाडी काढून घ्या. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, इंजिनाजवळ वायरवर प्लॅस्टिकचा खाचांचा पाइप. या दोन वस्तू सगळ्यात स्वस्त आहेत आणि सगळ्यात जास्त वेळा विसरल्या जातात.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा आणि जोडताना ती शेवटी. बोटातली अंगठी काढून ठेवा. सीटखाली किंवा दाराच्या पट्टीखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. पॉवरची वायर एका बाजूने आणि ऑडिओ सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या. आणि कंपनीचं वायरिंग कापू नका. वॉरंटीचा वाद बहुतेक तिथूनच सुरू होतो. विमा घेताना ही बसवलेली सिस्टीम वेगळी नोंदवा, नाहीतर चोरी झाल्यावर तिचे पैसे मिळणं अवघड.

एवढं करूनही बॅटरीवरच व्होल्टेज पडत असेल तर पुढची पायरी "बिग थ्री". बोनेटखालच्या तीन जोडण्या जाड करायच्या: अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत. जुन्या वायरी तशाच ठेवून शेजारी नव्या टाकायच्या. पहिल्या वायरीला बॅटरीजवळ फ्यूज हवाच. याने अल्टरनेटर जास्त वीज बनवत नाही, पण बनवलेली वाया जात नाही.

मग बॅटरी. छोट्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासाची असते. एजीएम बॅटरी झटकन जास्त करंट देते, ठोक्याला छान टिकते. डिकीत दुसरी बॅटरी ठेवायची तर फक्त सीलबंद एजीएम. पाण्याची साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिची जागा माणसं बसतात तिथे नाही. पण मोठी बॅटरी म्हणजे मोठी शिल्लक, पगार तेवढाच. रोज रात्री इंजिन बंद ठेवून तासभर वाजवलंत तर दोन्ही रिकाम्या होतील. बंद गाडीत अर्धा तास पुरे. आणि इंजिन चालू ठेवून ऐकायचं तर बंद गॅरेजमध्ये कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मोठा अल्टरनेटर हा खरा इलाज, पण छोट्या गाड्यांसाठी तो सहज मिळत नाही. "वाइंडिंग बदलून वाढवून देतो" म्हणणारे भेटतात, पण तेवढ्याच खोक्यात जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, आणि पट्टा घसरतो तो वेगळाच. शिवाय वीज फुकट येत नाही. ८० अँपिअर जास्तीचे काढले तर इंजिनावर साधारण अडीच हॉर्सपॉवरचा भार पडतो.

म्हणून माझं मत जरा वेगळं आहे. हजार वॅटऐवजी पाचशे वापरले तर आवाज फक्त ३ डेसिबलने कमी होतो, कानाला जेमतेम कळेल एवढा. तेच पैसे वूफरच्या नीट मापाच्या, घट्ट लाकडी खोक्यात घातले तर ते ३ डेसिबल बहुतेक वेळा परत मिळतात आणि अल्टरनेटरला हात लावावा लागत नाही.

बरं, तो कपॅसिटर? एक फॅराडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत रिकामा होताना जेमतेम ३२ ज्यूल देतो. साडेबाराशे वॅट खाणाऱ्या अँप्लिफायरला हे सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. बाकी सगळं ठीक असताना दिव्यांची किंचित थरथर राहिली तर लावा, हरकत नाही.

नव्या गाड्यांसाठी दोन गोष्टी. बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, आत-बाहेर जाणारा करंट तो मोजतो. अशा गाडीत जास्तीचं ग्राउंड थेट बॅटरीच्या खांबाला न जोडता बॉडीला जोडा, नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो. याच गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम व्होल्टेज कमी करतो, त्यामुळे चालू गाडीत १२.८ दिसले म्हणून लगेच घाबरू नका. आणि इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटरच नसतो, १२ व्होल्टची बाजू एका कन्व्हर्टरवर चालते. तिथे नारिंगी वायरींच्या जवळपासही जायचं नाही.

सगळं बसवून झालं की महिन्याभराने, तासभर गाणी वाजवून, इंजिन बंद करून फ्यूज होल्डरवर आणि ग्राउंडच्या बोल्टवर हात ठेवून बघा. कोमट ठीक. चटका बसला तर जोड सैल आहे, पाना घ्या आणि आवळा.