हिरडीत विरून जाणारा पडदा

माझा दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे दवाखान्यात गेलेला दिवस मजुरीतून वजा. हिरडीची शस्त्रक्रिया सुचवली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, टाके काढायला परत यायचं का?” दुखेल का, हे नंतर विचारतात.

रेशमी धाग्याचे टाके आठ-दहा दिवसांनी काढावे लागतात. पॉलिग्लॅक्टिनचा धागा आपोआप विरतो. पण अशा विरणाऱ्या पॉलिमरांचं खरं मोल टाक्यांच्याही आत, हाडापाशी आहे.

पायरियात दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हिरडी उघडून मुळं साफ केली तरी ते सहसा भरून येत नाही. हिरडीच्या वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढून पोकळी व्यापतात; हाडाच्या आणि दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंच्या पेशी मागे राहतात. ज्वारी वर यायच्या आधीच तणानं रान धरावं, तसं. १९८२ मध्ये स्वीडनच्या नीमन आणि सहकाऱ्यांनी मध्ये पडदा घालून या घाईच्या पेशींना अडवलं, तेव्हा माणसाच्या दाताच्या मुळावर नवे तंतू रुजलेले दिसले.

पुढे गोअर-टेक्सचे पडदे आले. काम चोख, पण ते विरत नसत. चार-सहा आठवड्यांनी हिरडी पुन्हा उघडून काढावे लागत. म्हणजे कोवळ्या भरावालाच धक्का, आणि पेशंटचा आणखी खर्च, आणखी खाडा.

पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकॉलिक आम्लांच्या पडद्यांनी ही दुसरी शस्त्रक्रिया वाचवली. शरीरातलं पाणीच त्यांच्या साखळ्या तोडतं. उरतं लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल. शरीर त्याचा शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून निकाल लावतं. दोन्ही घटक निम्मे-निम्मे असले तर पडदा महिन्या-दोन महिन्यांत विरतो; निव्वळ पॉलिलॅक्टिकचा वर्षाहूनही जास्त टिकू शकतो. कोलाजेनचे पडदेही मिळतात. ते शरीरातल्या विकरांनी विरघळतात. मला कोलाजेन हाताळायला बरं वाटतं, कारण ओलं झालं की ते हाडावर नीट बसतं. मात्र पोकळी मोठी असेल तर ते आत दबतं, खाली हाडाची भुकटी भरून आधार द्यावा लागतो. कृत्रिम पडद्यातून सुटणाऱ्या आम्लानं कधीकधी सूजही येते.

आणि मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. तंबाखूमुळे जखम भरणं मंदावतं. महागातला पडदाही मग फुकट जाऊ शकतो. म्हणून मिश्री सुटल्याशिवाय मी ही शस्त्रक्रिया करत नाही. मावशी नाराज होतात, तरी करत नाही.

दात घासताना रक्त आलं, तर दात हलायची वाट बघू नका. हाड शाबूत असताना आलात तर बहुतेकदा नुसत्या सफाईवर भागतं, पडद्याची गरजच पडत नाही.