नव्या बांधणीची पिकअप गाडी व तिची दुरुस्ती

शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी बैलगाडीच्या जोडीला, आणि आता पुष्कळ गावी तिच्याऐवजी, पिकअप गाडी आली आहे. गाडी घेताना किंमत, भार वाहण्याची शक्ती व इंधनाचा खर्च यांची चौकशी बहुतेक शेतकरी करतात. पण तिचे इंजिन किती वर्षे वापरात आहे आणि ते बिघडल्यास कोठे व कोणाकडून दुरुस्त होईल, ही चौकशी क्वचितच होते. ती किती आवश्यक आहे, हे अमेरिकेतील टोयोटा कंपनीच्या ‘टुंड्रा’ या गाडीच्या अलीकडील अनुभवावरून दिसून येईल.

टुंड्रा ही तिकडे शेतीवर, गुरांच्या कुरणांवर व बांधकामावर वापरली जाणारी मोठी पिकअप होय. २००७ पासून २०२१ पर्यंतच्या बांधणीत तिच्यासाठी ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन मिळत असे. ते पेट्रोल फार खाई. परंतु त्याची रचना तुलनेने साधी व दीर्घ वापराने पारखलेली होती. २०२२ च्या मॉडेलमध्ये ते जाऊन ३.४ लिटरचे, सहा सिलिंडरांचे व दोन टर्बोचार्जर असलेले इंजिन आले. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारा पंखा होय. तो सिलिंडरात जादा हवा दाबून भरतो व त्यामुळे लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम करून घेता येते. जुन्या इंजिनाची शक्ती ३८१ अश्वशक्ती होती, नव्याची ३८९ झाली. मागे जोडलेला भार ओढण्याची कमाल क्षमता सुमारे ४,६०० किलोवरून ५,४०० किलोवर गेली. त्याचबरोबर सहा गियरांच्या जागी दहा गियर आले आणि मागील पाटे जाऊन वेटोळ्यांच्या स्प्रिंगा बसविण्यात आल्या. थोडक्यात, गाडीचे नाव तेवढे जुने राहिले.

पहिल्या तक्रारी किरकोळ होत्या असे म्हणता येणार नाही, पण त्यांवरील उपाय सोपे होते. मे २०२२ मध्ये मागील आसाचे नट सैल होण्याचा संभव दिसल्यावरून सुमारे ४६,००० गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. असा दोष जीवावर बेतू शकतो. तथापि तो पान्याने दूर होतो. २०२३ च्या अखेरीस इंधनाची प्लॅस्टिकची नळी ब्रेकच्या नळीवर घासून गळण्याचा धोका आढळला व सुमारे १,६८,००० गाड्यांचे काम निघाले. खरी अडचण इंजिनाच्या पोटात होती.

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, धातूच्या गुळगुळीत अर्धगोल वाट्यांत फिरतो. या वाट्यांना मुख्य बेअरिंग म्हणतात. दांडा व वाटी यांमध्ये वंगणाचा केसाहूनही पातळ थर असतो आणि दांड्यावर येणारा सर्व दाब तो थर पेलतो. बैलगाडीच्या आसात वंगणाबरोबर वाळू गेली तर आस कसा झिजतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. येथे वाळूऐवजी धातूचा कीस होता. कारखान्यात इंजिनाचे भाग कातताना व छिद्रे पाडताना कीस निघतो आणि जोडणीपूर्वी तो पूर्णपणे काढावा लागतो. काही इंजिनांत तो राहून गेला असण्याचा संभव कंपनीने मान्य केला. असा कीस बेअरिंगला चिकटला व इंजिन दीर्घकाळ अधिक भाराखाली चालले, तर बेअरिंग निकामी होऊ शकते. मग इंजिनातून ठोके येतात, ते अडखळत चालते, सुरूच होत नाही किंवा धावत्या गाडीत बंद पडते. हा दोष कारखान्यातला असल्यामुळे मालकाने वंगण वेळेवर बदलले तरी तो टळणारा नव्हता.

मे २०२४ मध्ये २०२२ व २०२३ च्या टुंड्रा आणि तेच इंजिन असलेल्या लेक्सस गाड्या मिळून सुमारे १,०२,००० गाड्या परत बोलावण्यात आल्या. जुलैमध्ये त्यांची इंजिने विनामूल्य बदलून देण्याचे ठरले. विजेच्या मोटारीची जोड असलेल्या टुंड्रा यांत धरल्या नाहीत. इंजिन बंद पडले तरी त्या काही अंतर चालू शकतात, असे कारण देण्यात आले. माल भरून निघालेल्या मालकाचे त्याने कितपत समाधान व्हावे, हा प्रश्नच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १,२७,००० गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्यांत २०२४ च्या मॉडेलच्याही होत्या. पहिल्या वर्षाचे मॉडेल टाळले म्हणजे झाले, हा प्रचलित समज येथे पुरा पडला नाही.

आपल्याकडे पाण्याच्या डिझेल इंजिनाचे बेअरिंग गेल्यास मिस्त्री इंजिन उघडतो, तालुक्याच्या गावी क्रँक घासून आणतो व त्या मापाचे बेअरिंग बसवितो. दोन टर्बोचार्जर, त्यांच्या वंगणाच्या व पाण्याच्या नळ्या, तारांचे जाळे आणि संगणकीय नियंत्रण असलेल्या इंजिनाबाबत हे जमत नाही. अशी गाडी अधिकृत कार्यशाळेतच न्यावी लागते व आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. आपल्या पिकअप गाड्यांनाही १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आहेत. त्यांच्या धूरशुद्धीच्या यंत्रणेतील दोष संगणक जोडल्यावाचून बहुधा कळत नाही.

म्हणून नवीन बांधणीची गाडी घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील चौकशी करण्यास सांगावे. बदल बाह्य रूपातच झाला आहे की इंजिनातही? अधिकृत कार्यशाळा गावापासून किती दूर आहे, आणि हंगामात गाडी अडकल्यास पर्यायी वाहन मिळेल काय? हमीची मुदत किती किलोमीटरांची आहे, व तीत माल वाहण्याचा वापर धरला आहे काय? वंगण बदलल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आपल्या देशातही सदोष वाहने परत बोलावण्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले आहेत. सांगाड्यावरील क्रमांक, म्हणजे चॅसिस नंबर, विक्रेत्यास कळवून आपली गाडी अशा यादीत आहे काय, हे अधूनमधून विचारावे.

भरलेल्या गाडीच्या इंजिनातून धातूवर धातू आपटल्यासारखे ठोके येऊ लागल्यास बाजार गाठण्याची घाई करू नये. गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन बंद करावे, थोड्या वेळाने वंगणाची पातळी पाहावी, आणि ती ठीक असली तरीही इंजिन पुन्हा सुरू न करता माल दुसऱ्या वाहनात चढवावा.