सीटी स्कॅनचे गणित

हिवाळी सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आजोबांच्या हृदयाची सीटी अँजिओग्राफी नुकतीच झाली होती. एका धमनीत कॅल्शियम साचले होते आणि तिथे ती फार अरुंद दिसत होती. घरात सगळे गप्प होते. डॉक्टर म्हणाले, "याच स्कॅनवरून दुसऱ्या पद्धतीने चित्र काढून बघू, मग ठरवू." पुन्हा स्कॅन न करता दुसरे चित्र कसे निघेल, ते मला कळेना. शाळेत परतल्यावर वाचले, ते इथे सांगतो.

सीटी यंत्रात क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते. रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. प्रत्येक किरणाला वाटेत एकूण किती अडथळा आला, एवढेच यंत्राला समजते. म्हणजे हाती येतात फक्त बेरजा. त्यांवरून आतले चित्र काढणे म्हणजे पुनर्रचना.

एक कोडे पाहा. दोन ओळींच्या चार घरांत चार अंक लपले आहेत. आडव्या बेरजा ७ आणि ११, उभ्या ९ आणि ९. डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी बेरीज ६, दुसरी तिरकी १२. आधी आडव्या बेरजा सारख्या वाटू: वर ३.५, ३.५, खाली ५.५, ५.५. उभ्या बेरजा जुळल्या, पण तिरक्या दोन्ही ९ आल्या. पहिलीच्या दोन्ही घरांतून १.५ वजा करू, दुसरीच्या घरांत १.५ मिळवू. उत्तर: वर २, ५, खाली ७, ४.

अंदाज, तुलना, दुरुस्ती. हीच पुनरावृत्तीची पद्धत. फक्त सीटीच्या एका चित्रात साधारणपणे ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४ घरे असतात!

बेरजांवरून चित्र मिळते, हे ऑस्ट्रियन गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. यंत्र बनवले गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात रडार शिकवत. १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

सुरुवातीला पुनरावृत्तीच वापरली, पण तेव्हाचे संगणक मंद होते. म्हणून 'फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन' रूढ झाले. यात प्रत्येक बेरीज गाळून तिच्याच रेषेवर परत पसरवतात. हे काम झटपट होते, पण किरणांची मात्रा कमी केली की चित्र दाणेदार होते आणि बारीक रक्तवाहिन्या त्यात हरवतात. मात्रा पाव केली, तर दाणेदारपणा साधारण दुप्पट होतो. वेगवान संगणक आल्यावर, २०१० च्या आसपास, पुनरावृत्ती रुग्णालयांत परतली. त्यामुळे कमी किरणांतही स्वच्छ चित्र मिळू लागले.

आता आजोबांची धमनी. कॅल्शियम चित्रात इतके चमकते की त्याची चमक शेजारच्या घरांतही पसरते आणि धमनी आहे त्याहून अरुंद दिसते. गाळणी तीक्ष्ण निवडली, तर कडा स्पष्ट होतात. मात्र दाणे वाढतात. ते दाणे पुनरावृत्तीने कमी करता येतात. मूळ बेरजा यंत्रात जपलेल्या असल्या, की हे सारे रुग्णाला पुन्हा न झोपवता करता येते.

पुढच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. नव्या चित्रात वाट बरीच मोकळी दिसत होती. सध्या औषधे आणि रोजचे चालणे पुरेसे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. रविवारी मी आजोबांना फोनवर वरचे कोडे घातले. त्यांनी कागद न घेता सोडवले.