समुद्री माशांची टाकी : हौस मोठी, हिशेब रोजचा

व्यापारी बंधूंनो, मोठ्या शोरूममध्ये, दवाखान्यात आणि ऐपतदार लोकांच्या दिवाणखान्यात समुद्री माशांची टाकी दिसते. केशरी क्लाउन फिश फिरत असतात, खडकावर नरम प्रवाळ हलत असतात. सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर ज्या मरजानचा उल्लेख आहे, तो मरजान म्हणजे हाच प्रवाळ, असे सांगितले की घरातली मुले टाकीसमोरून हलत नाहीत. पण ही टाकी विकत घेणे सोपे आणि सांभाळणे कठीण. मी भिवंडीच्या घरी सहा फुटी टाकी सांभाळतो. या कामात जे शिकलो आणि जे नुकसान सोसले, ते हौशी लोकांच्या आणि या धंद्यात उतरू पाहणाऱ्या कारागिरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

वजन आणि पाणी

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे ६०० लिटर पाणी बसते. १२ मिलिमीटरची काच, दगड, वाळू धरून एकूण वजन ८०० किलोच्या वर जाते. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो धरलेला असतो आणि ही टाकी जेमतेम एक चौरस मीटरवर उभी राहते. म्हणून वरच्या मजल्यावर टाकी ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवावे.

पाण्यासाठी किनाऱ्यावरून ड्रम भरून आणू नये, शहराजवळचा समुद्र घाण असतो. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे क्षार नसतात. मत्स्यालयासाठी तयार मिळणारे समुद्री मीठ आरओच्या शुद्ध पाण्यात मिसळावे लागते. प्रमाण लिटरला ३५ ग्रॅम क्षार. मिठात ओल असते म्हणून वजन थोडे जास्त धरावे. पहिल्या भरणीला मला २३ किलो मीठ लागले.

पाणी तयार झाले म्हणून लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या घाणीतून अमोनिया हे विष तयार होते. त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू दगडात वस्तीला यावे लागतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात ज्याने घाई केली, त्याने पैसे पाण्यात घातले असेच समजा.

रोजमेळ ठेवा

दुकानात रोजमेळ लिहितो तशी टाकीची वही ठेवावी. रोज तापमान पाहावे, ते २५ ते २७ अंशांत असावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय हे जमत नाही. पाणी फार तापले की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ निघून जाते आणि तो पांढरा पडतो. १९९८ साली लक्षद्वीपच्या समुद्रात नेमके हेच घडले होते. टाकीत तर एका दुपारचे काम आहे.

आठवड्याला खारेपणा, क्षारता, कॅल्शियम आणि नायट्रेट तपासावे. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएमच्या दरम्यान राहावे. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे. म्हणजे ६० लिटर पाणी आणि सव्वादोन किलो मीठ. स्किमरचा पेला धुवावा, काच पुसावी. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. माझ्या टाकीला चिलर, दिवे आणि पंप मिळून रोज १० युनिटच्या आसपास वीज लागते. वीज गेली तर पाण्याची हालचाल थांबते आणि काही तासांत जीव गुदमरू लागतात. म्हणून निदान एक पंप इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट नवशिके हमखास चुकतात. पाणी उडून जाते, मीठ जात नाही. म्हणून कमी झालेल्या पाण्याची भरती गोड्या शुद्ध पाण्यानेच करायची, खाऱ्याने नाही. खाऱ्याने भरती केली तर खारेपणा रोज वाढत जातो.

पितळी कॉकची गोष्ट

याच भरतीच्या कामात माझी चूक झाली. २०१९ साली रमजान मे महिन्यात आला. आमच्या धंद्याचा ऐन हंगाम, आणि उन्हामुळे टाकीचे आठ-दहा लिटर पाणी रोज उडायचे. मला वेळ नव्हता. प्लंबरकडून खालच्या टाकीत बॉल कॉक बसवून घेतला, म्हणजे पाणी आपोआप भरेल. त्याच आठवड्यात मुंबईच्या एका दुकानदाराकडून झिंगे, गोगलगाई आणि नरम प्रवाळ घेतले होते. निम्मे पैसे उधार होते.

दोन आठवड्यांत झिंगे मेले. गोगलगाई काचेवरून गळून तळाशी पडल्या. प्रवाळ मिटले ते उघडेनात. मी त्या दुकानदाराच्या गाळ्यावर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो की तू रोगट माल दिलास, बाकीचे पैसे विसर. तो उलटून बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, "सेठ, मासे कसे आहेत?" मी म्हणालो, मासे ठीक आहेत. तो गप्प राहिला.

ईदनंतर तो स्वतः घरी आला. टाकीखालचे दार उघडून त्याने बॅटरी मारली. बॉल कॉक पितळी होता, अर्धा खाऱ्या पाण्यात, आणि त्यावर हिरवा थर चढला होता. तो म्हणाला, "मासे जिवंत आणि झिंगे मेले, तर आधी पाण्यात तांबे शोधायचे."

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात पितळ झिजते आणि तांबे विरघळते. मासे ते काही प्रमाणात सोसतात. माशांच्या काही औषधांत तांबेच असते. पण झिंगे, गोगलगाई आणि प्रवाळ यांना थोडेसे तांबेही मारते. मोरचूद म्हणजे काय हे रंगाई ओळखणाऱ्या माझ्यासारख्याला सांगावे लागले, याची शरम वाटली. त्याहून मोठी शरम दुसरी होती. गिऱ्हाईक रंग गेलेला कपडा घेऊन येते तेव्हा आपण आधी विचारतो की धुतला कसा. तोच प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

कॉक काढून प्लॅस्टिकचा बसवला. तांबे शोषणारे फिल्टर आणि कोळसा लावला, लागोपाठ पाणी बदलले. दगडात मुरलेले तांबे सावकाश निघते, म्हणून काही महिने एकही झिंगा सोडला नाही. दुकानदाराचे पैसे त्याच्याच गाळ्यावर जाऊन दिले, आणि माफीही तिथेच, लोकांसमोर मागितली. तोहमत चारचौघांत घेतली होती, तर माफी एकांतात मागून हिशेब पुरा होत नाही.

कायदा सांभाळा

कठीण सांगाड्याचे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्री पंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचा व्यापार केल्यास तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. समुद्रातून फोडून आणलेला 'जिवंत दगड'ही प्रवाळाचाच सांगाडा असतो, तोही घेऊ नये. भट्टीत भाजलेला किंवा सिमेंटचा दगड तेच काम करतो. परदेशी जातींपैकी अनेकांची नोंदणी २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर सक्तीची झाली आहे. म्हणून पक्के बिल आणि आयातीचे कागद पाहिल्याशिवाय माल उचलू नये. मासे शक्यतो हॅचरीत वाढवलेले घ्यावेत. क्लाउन फिशची पैदास आपल्या देशातही होते.

कारागिरांसाठी काम

या हौसेत काच जोडणारा, लोखंडी किंवा लाकडी स्टँड करणारा, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन या चौघांना काम आहे. ज्याला खारे पाणी समजते असा कारागीर मात्र शोधावा लागतो. तांबे, पितळ, जस्ताचा मुलामा, साधे लोखंड यांपैकी काहीही पाण्याला लागता कामा नये, एवढे पाठ असलेला प्लंबर आपले दाम सांगून घेऊ शकतो. खरी कायम कमाई टाकी विकण्यात नसून आठवड्याच्या देखभालीच्या करारात आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्थानिक महिलांना शोभिवंत झिंगे वाढवण्याचे काम शिकवले. आपल्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांनीही तिकडे पाहावे.

ज्यांना टाकी ठेवायची आहे त्यांनी हे जीव आपल्याकडे अमानत आहेत असे समजून ठेवावी. रोज दहा मिनिटे देता येत नसतील तर तो पैसा दुसऱ्या कामी लावावा. आणि माल मेला तर देणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी टाकीखालचे दार उघडून पाहावे. माझ्या टाकीत झिंगे पुन्हा आले ते त्याच दुकानातून, आणि रोख पैशाने. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.