शिंगे वाढतात, नावे बदलतात

मुलांनो, तुम्ही शेळ्यांच्या बाजारात कधी गेला आहात का? तिथे नीट पाहा. एकाच कळपातल्या दोन बोकडांची शिंगेसुद्धा सारखी नसतात. एकाची सरळ, तर दुसऱ्याची मागे वळलेली. लहान करडाच्या डोक्यावर तर नुसता उंचवटा असतो. तरीही त्या सगळ्यांची जात एकच, हे आपल्याला ठाऊक असते. कारण करडू आपल्या डोळ्यांसमोर मोठे होते. पण ज्या प्राण्याला कोणत्याही माणसाने जिवंत पाहिले नाही, त्याची जात कशी ठरवायची?

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत ट्रायसेराटॉप्स हा डायनोसॉर राहत होता. डोळ्यांच्या वर दोन लांब शिंगे, नाकावर एक आखूड शिंग आणि मानेवर पंख्यासारखी पसरलेली हाडाची झालर, असे त्याचे रूप होते. त्याच्या नावाची सुरुवातच चुकीने झाली. १८८७ मध्ये डेन्व्हर शहराजवळ दोन मोठी शिंगे सापडली. ऑथनिएल मार्श या शास्त्रज्ञांना ती बायसन या रानटी बैलाची वाटली आणि त्यांनी तसे नावही दिले! पुढे आणखी अवशेष मिळाले, तेव्हा १८८९ मध्ये त्यांनी ट्रायसेराटॉप्स हे नाव ठेवले.

मग कवट्या सापडत गेल्या. शिंगाचा बाक थोडा निराळा दिसला, की नवी जात जाहीर होई. अशा पंधराहून अधिक जाती झाल्या. एकाच कळपातले दोन प्राणी वेगळे दिसू शकतात, याचा फारसा विचार झाला नव्हता. शिवाय दगडांच्या भाराखाली कवटी चेपते, वाकडी होते, हेही लक्षात घ्यायला हवे. १९८६ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी ही सारी एकच जात असल्याचे मत मांडले. १९९६ मध्ये कॅथरीन फोर्स्टर यांनी दोन जाती मानल्या. आज याच दोन जाती सर्वसाधारणपणे मानल्या जातात.

वयाचा प्रश्न मात्र याहून अवघड होता. २००६ मध्ये जॅक हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी लहानमोठ्या दहा कवट्या वयाच्या क्रमाने लावून पाहिल्या. तेव्हा मोठी गंमत दिसली. पिल्लाची शिंगे आखूड व सरळ असतात. थोडे वय वाढले की ती मागे वळतात. प्राणी पूर्ण वाढला की तीच शिंगे पुढे झुकतात. झालरीच्या कडेला असलेली त्रिकोणी हाडेही वयाबरोबर चपटी होत जातात. म्हणजे मागे वळलेली आणि पुढे झुकलेली शिंगे एकाच प्राण्याच्या आयुष्यात असू शकतात!

मार्श यांनीच १८९१ मध्ये टोरोसॉरस या दुसऱ्या डायनोसॉरला नाव दिले होते. त्याची झालर जास्त लांब असून तिला दोन मोठी भोके आहेत. ट्रायसेराटॉप्सच्या झालरीला भोके नसतात. २०१० मध्ये जॉन स्कॅनेला आणि हॉर्नर यांनी म्हटले, की टोरोसॉरस म्हणजे म्हातारा ट्रायसेराटॉप्सच. त्यांनी हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले होते. ट्रायसेराटॉप्सच्या झालरीत जिथे हाड पातळ होते, तिथेच पुढे भोके पडतात, असे त्यांचे मत. त्यावर काही लोकांची समजूत झाली, की आता ट्रायसेराटॉप्स हे नाव जाणार. ती चुकीची होती. दोन नावे एकाच प्राण्याची ठरली तर आधीचे नाव राहते, असा नियम आहे.

पण हे म्हणणे सर्वांना पटले नाही. बोकड घेताना जाणकार माणूस शिंगांवर विसंबत नाही, दात पाहून वय ठरवतो. तसेच २०१२ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी कवटीची हाडे एकमेकांना किती जुळली आहेत, यावरून वय ताडले. टोरोसॉरस जर म्हातारा ट्रायसेराटॉप्स असेल, तर तरुण टोरोसॉरस सापडताच कामा नये. त्यांना मात्र पूर्ण वाढ न झालेला टोरोसॉरस आढळला आणि झालरीला भोके नसलेले म्हातारे ट्रायसेराटॉप्सही आढळले. २०२२ मध्ये कॅनडातील टोरोसॉरसच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्राण्याच्या हाडांचे काप पाहिले, तर त्याची वाढ अजून पूर्ण झालेली नव्हती. झालरीला भोके मात्र होती.